‘ताई, सध्या काय वाचताय?’

आरोग्याच्या पानावर आपण रक्तदाबाविषयी वाचतो, साखरेविषयी वाचतो, पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे असे वाचतो. ते सगळे हवेच. आज मात्र मी अशा गोष्टीविषयी लिहिणार आहे, जी डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत नाहीत आणि मेडिकलच्या दुकानातही मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे पुस्तक सुचवणारी मैत्रीण, किंवा मित्र. ही मैत्रीण शेजारची नसते, नात्यातली नसते, रोज भेटतही नाही. ती फोनच्या दुसऱ्या टोकाला असते आणि म्हणते, ‘मी हे पुस्तक वाचलं. तुम्हीही वाचा आणि कसं वाटलं ते मला कळवा.’

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. आपल्या वस्तीतल्या घरांनी या मैत्रीला वेळ दिला पाहिजे आणि मानही दिला पाहिजे. तिला टाइमपास म्हणून हिणवू नये आणि तिच्याकडे संशयानेही बघू नये. एकट्या पडलेल्या माणसाची विचारपूस करायला जे निमित्त लागते, ते ही मैत्री देते. आणि विचारपूस ही आरोग्याचीच गोष्ट आहे.

मी पालिकेच्या दवाखान्यात बावीस वर्षे परिचारिका होते. तिथे ओळीने बायका यायच्या. ‘सिस्टर, अंग दुखतंय.’ ‘डोकं जड झालंय.’ ‘रात्रीची झोपच नाही.’ तपासण्या व्हायच्या. कुणाचे हिमोग्लोबिन कमी निघायचे, कुणाचा थायरॉइड निघायचा. पण कितीतरी जणींचे सगळे रिपोर्ट नीट यायचे आणि दुखणे तसेच राहायचे. केसपेपरवर वेदनाशामक गोळी लिहिली जायची. ‘घरी बोलायला कोण आहे?’ हा प्रश्न केसपेपरवर नव्हता. मीही तो फार थोड्या जणींना विचारला. बाहेर साठ माणसे ताटकळत असायची.

निवृत्त झाल्यावर तो प्रश्न माझ्याच दारात आला. मुलगा कामाला, सून कामाला, नातू शाळेत. वस्तीत माणसांची काय कमतरता? भिंतीला भिंत लागून. पण नळावरचे बोलणे पाण्याचे असते आणि दारातले बोलणे कुणाच्या लग्नाचे. मनात जे चाललेले असते ते बोलायला जागा सापडत नाही. माणसांच्या गर्दीत एकटे पडणे म्हणजे काय, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळले.

त्या वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेले. अभिवादन करून नेहमीप्रमाणे शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आले. एक पुस्तक हातात घेऊन किंमत बघत होते, तेवढ्यात शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘ताई, ही प्रत घेऊ नका, अक्षर फार बारीक आहे. पलीकडच्या स्टॉलवर मोठ्या अक्षरातली आहे.’ त्या नांदेडहून आल्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांचा जन्म गेला होता. आम्ही दोघींनी मिळून चार स्टॉल पालथे घातले आणि निघताना नंबर घेतले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोनवर निरोप आला, ‘ताई, घेतलेलं वाचून झालं का? सध्या काय वाचताय?’

त्या एका प्रश्नावर आज आम्ही पाच जणी आहोत. नांदेडच्या अक्का, त्यांची नागपूरची भाची, पुण्यात स्वयंपाकाची कामे करणारी एक जण आणि सुरतेत राहणारी एक. सुरतवालीचे माहेर जळगावकडचे, नवरा लूमवर. तिच्या गल्लीत मराठी बोलणारी घरे आहेत, पण मराठी पुस्तक वाचणारे घर एकही नाही. आम्ही पाचही जणी अजून एकत्र भेटलेलो नाही. तरी कुणाला पायऱ्या चढताना धाप लागते, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाच्या घरात आठवडाभर अबोला आहे, हे सगळे आम्हाला ठाऊक असते. कळते ते पुस्तकाच्या निमित्ताने.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्यातल्या एकीने एक कादंबरी वाचायला घेतली होती. पहिल्या आठवड्यात रोज दोन ओळी लिहायची. मग थांबली. तसे कुणीही थांबते. घरात पाहुणे येतात, रिचार्ज संपतो. दहा दिवस गेले. अक्कांनी विचारले, ‘कुठवर आलीस गं?’ तिने लिहिले, ‘पुढं वाचवत नाही.’ ‘पुस्तक आवडलं नाही का?’ ‘आवडलंय. पण एकच पान चार वेळा वाचते आणि काही कळत नाही.’

बावीस वर्षांच्या नोकरीने मला एवढे शिकवले होते की हे पुस्तकाचे दुखणे नव्हे. मी फोन लावला. तासाभराने हळूहळू बाहेर आले. मुलगा घर सोडून गेला होता. तीन आठवड्यांपासून तिला पहाटे तीनला जाग येत होती, जेवण जात नव्हते आणि रक्तदाबाची गोळी तिने बंद केली होती. ‘कशासाठी घ्यायची?’ असे ती म्हणाली. घरात कुणाच्या लक्षात आले नव्हते. ती स्वयंपाक करत होती, धुणे धूत होती, म्हणजे ती बरी होती.

आम्ही काय केले? काही मोठे नाही. तिच्या मोठ्या मुलीला सगळ्या गोष्टी सांगितल्या, तिची परवानगी घेऊन. मुलगी तिला सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेली. रक्तदाबाची गोळी परत सुरू झाली, दुसरे औषधही सुरू झाले. दोन महिन्यांनी तिचा निरोप आला, ‘एकशे बारा पानावर आलेय.’

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. पुस्तकाने तिला बरे केले नाही. औषधाने केले, डॉक्टरांनी केले, लेकीने केले. पुस्तकाने फक्त विचारायला जागा दिली. ‘तू बरी आहेस का?’ असे विचारले तर आपल्या बायका ‘हो, बरी आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. ‘कुठवर आलीस?’ असे विचारले तर खरे उत्तर येते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे.

आता कुणी म्हणेल, एकटेपणा हा काय आजार आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सामाजिक संबंधांवर मोठा अहवाल काढला. जगात साधारण सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याच्याशी वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यू निगडित आहेत, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. एकटेपणामुळे हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्य यांचा धोका वाढतो, असेही त्यात म्हटले आहे. त्याआधी २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून तीन लाखांवर माणसे होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

वाचनाविषयीही एक अभ्यास आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ माणसांची माहिती बारा वर्षे तपासली गेली. पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. याचा अर्थ पुस्तक वाचले की आयुष्य वाढते, असा काढू नका. वाचणाऱ्याकडे मुळात सवड असते, दृष्टी असते, कदाचित प्रकृतीही बरी असते. संशोधक अशा गोष्टींचा हिशेब धरतात, तरी सगळाच धरता येत नाही. आपण त्यातून इतकेच घ्यावे की वाचन वाया जाणारा वेळ नाही.

मग प्रश्न येतो की यासाठी पुस्तकच कशाला? फोनवर तर दिवसभर निरोप येतच असतात. रोज सकाळी फुलांचे चित्र, सुविचार, ‘शुभ प्रभात’. माझ्या फोनवर रोज पन्नास येतात. ते पाठवणाऱ्याने माझा विचार केलेला नसतो. त्याने एक बटण दाबलेले असते आणि ते चित्र दोनशे जणांना गेलेले असते. उद्या मी नसले तरी ते येतच राहील.

पुस्तक सुचवणे असे दोनशे जणांना एकदम करता येत नाही. त्यासाठी आधी समोरच्याला ओळखावे लागते. तिला मोठे वाक्य झेपते की छोटे? तिला हसायला हवे आहे की रडायला? ती रात्री वाचते की लोकलमध्ये? सुरतवालीला मी एकदा लिहिले, ‘तुझ्या सासूसारखी एक म्हातारी यात आहे, तू हसशील.’ त्या ओळीत मी तिचे बोलणे लक्षात ठेवले होते हे तिला कळले. तिने ते पुस्तक मिळवून वाचले, ते बहुधा म्हातारीसाठी कमी आणि मी तिची सासू लक्षात ठेवली म्हणून जास्त. ‘तुझ्यासाठी’ हा शब्द ज्या निरोपात नाही, तो निरोप म्हणजे नुसते पुढे ढकललेले चित्र.

आपल्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे, पण या अंगाने आपण त्याकडे पाहत नाही. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज पुस्तक घेऊन बसायचा. तिथेच वाचायला येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिले, चौकशी केली आणि आपल्याकडची पुस्तके त्याला वाचायला देऊ लागले. पुढे त्या मुलाच्या सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे आपले बाबासाहेब. त्या पुस्तकाने आपल्यावर केवढा ठसा उमटवला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पण पुस्तकाच्या आधी काय घडले, ते पाहा. एका वाचणाऱ्या माणसाने दुसऱ्या वाचणाऱ्या मुलाला विचारले, तू काय वाचतोस? जात वेगळी, वय वेगळे, घर वेगळे. मधला दुवा पुस्तकाचा.

दुसरे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. त्या किराणा मालाचे छोटे दुकान चालवायच्या. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. पुढे त्या लिहू लागल्या तेही लपून. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेल्या वह्या वर्षानुवर्षे दडवून ठेवल्या. फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन बाहेर आले. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झाले. वाचणाऱ्या बाईला ‘तू काय लिहितेस, दाखव की’ म्हणणारे एक माणूस भेटले नसते, तर त्या वह्या कदाचित उंदरांनी खाल्ल्या असत्या. रद्दीचा कागद वाचणारी बेबीताई आजही आपल्या वस्तीत असेल. तिला विचारणारे माणूस आता फोनमधून भेटू शकते, एवढाच फरक.

तथागतांनी कल्याणमित्राला किती मोठे स्थान दिले, ते विहारात आपण ऐकतो. आनंद म्हणाले, सन्मित्र म्हणजे अर्धे धम्मजीवन. तथागतांनी त्यांना थांबवले आणि सांगितले की अर्धे नव्हे, पूर्ण. चांगले पुस्तक सुचवणारा आणि मग त्याबद्दल विचारणारा मित्र त्या शब्दाला साजेसा असतो, असे मला वाटते.

पण या मैत्रीत चुका होतात आणि माझ्या हातूनही झाली. ती लपवणार नाही. पुण्याच्या मैत्रिणीला मी एक आत्मकथन सुचवले. आपल्या माणसाने लिहिलेले, मी स्वतः रडत वाचलेले. ‘वाचच,’ म्हणाले. तिने वाचायला घेतले आणि तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, ‘ताई, यातलं पोराचं मार खाणं मला वाचवलं नाही. रात्रभर बापच डोळ्यांसमोर होता.’ तिच्या लहानपणाविषयी मी कधी विचारलेच नव्हते. माझ्या दृष्टीने ते समाजाचे दुःख होते, तिच्यासाठी ते तिच्या घरातले होते.

आपल्या साहित्याची ताकदच ही आहे की ते जखम झाकत नाही. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘आयदान’ ही पुस्तके आपल्या घराघरांत वाचली जावीत असे मला मनापासून वाटते. पण कोणते पुस्तक कुणाला, कधी द्यायचे, याचे भान हवे. नुकताच घरात मृत्यू झालेल्याला, बाळंतिणीला, नैराश्यावर औषध घेणाऱ्याला पुस्तक सुचवताना आधी सांगावे, ‘यात मारहाण आहे, यात मरण आहे. आत्ता झेपेल का?’ आणि ‘नको’ म्हटले तर राग धरू नये. अर्धवट सोडलेले पुस्तक म्हणजे गुन्हा नव्हे. तेव्हापासून आमच्या पाच जणींत हा नियम आहे, आणि या नियमाने मैत्री वाढली.

आता घरच्यांच्या तक्रारीकडे येते, कारण खरी अडचण तिथेच आहे. सुरतवालीला नवऱ्याने विचारले, ‘एवढं कुणाशी बोलतेस?’ नागपूरच्या भाचीला सासू म्हणाली, ‘पुस्तकं वाचून काय कलेक्टर होणार आहेस?’ पुरुष मोबाइलवर तासभर क्रिकेट बघतो, तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. बाई अर्धा तास वाचते आणि वाचलेले कुणाला सांगते, तर घरात कुजबुज सुरू होते. ज्या समाजाच्या घरात बाबासाहेबांचा पुस्तक हातात घेतलेला फोटो भिंतीवर असतो, त्या घरात वाचणाऱ्या बाईला उत्तर द्यावे लागावे, हे मला खटकते. आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

मात्र घरच्यांची सगळीच काळजी खोटी नसते. फोनवर चोर आहेत, हे खरे. म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळा. अनोळखी माणसांच्या मोठ्या गटात गेले की आपला नंबर सगळ्यांना दिसतो; म्हणून ओळखीतून जोडलेला पाच-सात जणांचा लहान गट बरा. पुस्तकाच्या गप्पांमधून कुणी पैशांवर, फोटोवर किंवा ‘एकट्याने भेट’ यावर आले, तर तिथेच थांबा, नंबर ब्लॉक करा आणि घरात सांगा. ओटीपी कुणालाही सांगू नका, तो माणूस कितीही वाचलेला असो. पहिली भेट चारचौघांत, विहारात, ग्रंथालयात किंवा पुस्तकांच्या स्टॉलवर असावी. आणि लेखकाच्या पोटावर पाय देऊन फुकट फिरणाऱ्या चोरीच्या प्रती पाठवू नका. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे शासनाने काढलेले इंग्रजी खंड सरकारी संकेतस्थळांवर मोफत वाचता येतात. घरातल्या शिकणाऱ्या मुलांना ते उघडून द्या. बाकी पुस्तकांसाठी सार्वजनिक ग्रंथालय आहे. महिन्याची वर्गणी बहुतेक ठिकाणी थोडकीच असते.

फोनचा दुसरा त्रास झोपेचा. रात्री अंथरुणात पडून बारापर्यंत निरोप वाचत बसलात, तर जी झोप सुधारायची तीच जाईल. आम्ही साडेनऊनंतर लिहीत नाही. कुणी लिहिलेच तर उत्तर सकाळी. पुस्तक कागदाचे असेल तर रात्री वाचा; फोनवरचे असेल तर दिवसा. फोनवर वाचताना दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद लांब बघा, डोळ्यांना विसावा मिळतो.

डोळ्यांवरून आठवले. ‘मला आता वाचनाची आवडच राहिली नाही,’ असे म्हणणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका मला दवाखान्यात खूप भेटल्या. पुस्तक हातभर लांब धरून वाचायच्या. आवड गेलेली नव्हती, चाळिशी लागली होती. वय वाढले की जवळचे अक्षर पुसट होणे साहजिक आहे. साध्या चष्म्याने ते सुटते. पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी करावीच, कारण साखरेने होणारे नुकसान सुरुवातीला कळत नाही. घरात कुणाचे वाचन अचानक थांबले, तर आधी चष्म्याचा नंबर विचारा आणि मग मनाचे विचारा. दोन्ही विचारा.

आणि ज्यांना वाचताच येत नाही, त्यांचे काय? नांदेडच्या अक्कांची आई नव्वदीची आहे. तिला सहीसुद्धा येत नाही. अक्का रोज संध्याकाळी तिला चार पाने मोठ्याने वाचून दाखवतात आणि त्याचाच आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवतात. मधूनच म्हातारीचा आवाज येतो, ‘खोटं लिव्हलंय त्यानं. दुष्काळात असं नव्हतं.’ आणि मग ती खरे सांगते. आमच्या पाच जणींमधली सगळ्यात चांगली वाचक तीच, असे आम्ही म्हणतो. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, तेव्हाही कितीतरी आज्या फक्त ऐकतात. ऐकणे हेही वाचनच आहे. घरातल्या शाळकरी मुलाला रोज दहा मिनिटे आजीला वाचून दाखवायला बसवा. त्याचे वाचन सुधारेल आणि आजीचा दिवस सुधारेल.

शेवटी मर्यादा सांगते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उदास आहे, झोप-जेवण बिघडले आहे, कशातच रस वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, अशी लक्षणे असतील तर पुस्तक सुचवत बसू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. हा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. मैत्रिणीचे काम ओळखण्याचे आणि हात धरून नेण्याचे. उपचार ज्याचे त्याने करावेत.

आपल्या प्रत्येक घराकडे माझे एक मागणे आहे. या आठवड्यात एका माणसाला, एकाच, फोनवर विचारा, ‘सध्या काय वाचताय?’ काही वाचत नसतील तर त्यांच्यासाठी म्हणून एक पुस्तक सुचवा आणि ते त्यांच्यासाठीच का, ते दोन ओळींत लिहा. पंधरा दिवसांनी न विसरता विचारा, ‘कुठवर आलात?’ उत्तर आले नाही तर फोन लावा. आणि तुमच्या घरात कुणी बाई रात्री नऊ वाजता दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसली असेल आणि मध्येच फोन उचलून दोन ओळी लिहीत असेल, तर ‘कुणाशी बोलतेस’ असे विचारू नका. ‘काय वाचतेस?’ असे विचारा आणि पाच मिनिटे तिचे ऐकून घ्या.

येत्या ६ डिसेंबरला आम्ही पाचही जणी पहिल्यांदा एकत्र भेटणार आहोत. सुरतवालीचे तिकीट काढून झाले आहे. नवरा सोडायला येणार आहे आणि त्याने विचारले आहे म्हणे, ‘माझ्यासाठी पण एखादं आण. पातळ बघ पण.’